सेट काय झकास लावलाय!

ते गाणं मला आता सहन होत नाही. कुठे लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. दुकानात लागलं तर टोपली तिथेच ठेवून बाहेर येते. गाण्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. साठच्या दशकातलं इंग्रजी पॉप गाणं आहे. एका थंड शहरातल्या बोळातली एक खोली, गळकं छत, नवऱ्याला काम नाही, भाडं थकलंय, आणि बायको विचारतेय की आता पुढे काय. बस, एवढंच. ज्याने कुणी लिहिलं त्याने तशा खोलीत दिवस काढले असणार, कारण त्यात रडारड अजिबात नाही. मूळ रेकॉर्डमधला गाणारा तर चक्क वैतागलेला वाटतो. घरमालकाच्या नावाने बोटं मोडत गातो.

पुढे लोकांनी त्याची जी काय वाट लावली, ती विचारू नका. सत्तरच्या दशकात कुणीतरी त्याच्यावर डिस्कोचा ठेका चढवला. मग एका मुलीने पियानोवर, कुजबुजल्यासारख्या आवाजात गायलं, ते एका जाहिरातीत वाजायचं, जाहिरात गृहकर्जाची! नेदरलँड्सला असताना ब्राबांटमधल्या कार्निव्हलला एकदा गेलो होतो, तिथे पोटं सुटलेले बाप्ये तेच गाणं ट्रंपेटवर वाजवत बिअर पीत होते. आणि आर्नहेमला आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये शब्दच काढून टाकलेलं, नुसत्या सॅक्सोफोनवरचं. चीजच्या फ्रीजसमोर उभं राहून लोक त्या तालावर पावलं हलवायचे. दर नव्या आवृत्तीत त्या खोलीचं छत कुणीतरी थोडं दुरुस्त करून ठेवल्यासारखं वाटायचं. शेवटी तर तिथे गळायला काही उरलंच नाही.

मला वाटायचं, याहून जास्त विटंबना होणं शक्य नाही. पण आमचं मंडळ अजून उरलं होतं.

नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी मंडळाबद्दल मी खूप काही बोलू शकते आणि त्यातलं काहीच चांगलं नाही. फेल्डहोवनला चिप बनवायच्या मशिनवर काम करणारे इंजिनियर, झुइडासच्या काचेच्या इमारतींमध्ये बसणारे आयटीवाले, आणि आमच्यासारखे इकडेतिकडे विखुरलेले. एरवी गणपतीला एका शाळेचा हॉल मिळायचा, मोदक, लेझीम, आणि कुणाचं घर कितव्या मजल्यावर आणि बाग केवढी याची चौकशी. कोरोनाच्या पहिल्या वर्षी हॉल बंद. मग अध्यक्षीणबाईंना कल्पना सुचली. या बाई फेल्डहोवनच्या, स्वतःचं घर, मागे बाग, बागेत ट्रॅम्पोलिन. त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं की यंदा ऑनलाइन स्पर्धा. एकच गाणं, प्रत्येक कुटुंबाने आपापल्या घरात गायचं, व्हिडिओ करून पाठवायचा. आणि गाणं हेच. का? तर मुलांना मराठी गाणी समजत नाहीत, आणि भारतात तेव्हा मजूर पायी गावाकडे निघाले होते, त्यांना ही आमची मानवंदना.

मानवंदना! घरातून लॅपटॉपवर काम करत, दारात किराणा मागवत, उन्हात चालणाऱ्या माणसाला गाण्यातून सलाम. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते दुसरं काय असतं? त्यात 'ड्रेस कोड: साधा, गरीब लूक' असंही लिहिलं होतं. खाली चाळीस अंगठे आले.

मी फोन फेकूनच देणार होते. पण नवरा म्हणाला, "आपण भाग घ्यायचा."

आता आमची तेव्हाची गत सांगते. नवरा आर्नहेमच्या एका वीज क्षेत्रातल्या कंपनीत कंत्राटावर होता. कोरोना आला, प्रोजेक्ट थांबलं, कंत्राट वाढवलं नाही. आमचं परमिट 'हायली स्किल्ड'वालं, म्हणजे नोकरी आहे तोवर तुम्ही फार हुशार, लाडके. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. त्यातला एक महिना अर्ज पाठवण्यात गेला होता. भाडं परवडणार नव्हतं म्हणून घर सोडायची नोटीस दिली होती. आणि हे सगळं आम्ही मंडळात कुणालाही सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं? तो आमच्यातला रिवाजच आहे. नोकरी लागली की पेढे, बढती मिळाली की पार्टी, घर घेतलं की सत्यनारायण. नोकरी गेली तर 'सध्या एक-दोन ऑप्शन्स बघतोय'. आपल्या लोकांत कुणाची नोकरी गेल्याचं कळलं की लोक तुमच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात आणि मग बोलायचेच थांबतात. नवरा म्हणायचा, "डेस्परेट दिसलो की संपलं." मला त्याचं हे बोलणं डोक्यात जायचं. घरात पीठ संपत आलंय आणि हा दिसण्याची काळजी करतोय.

"भाग कशाला घ्यायचा?" मी विचारलं. "तुला गायची हौस आलीय का?"

"परीक्षक कोण आहे बघितलंस?" तो म्हणाला. "ते झुइडासवाले सर. त्यांच्याकडे टीमसाठी माणसं घेतायत. मी सीव्ही पाठवलाय, उत्तर नाही. एकदा तोंड दिसलं, नाव लक्षात राहिलं, की फोन करता येईल. गाणं नाही गं, ओळख आहे ती."

कशात काय अन् फाटक्यात पाय! पण त्याचा आवाज चांगला आहे, अगदी चांगला. कॉलेजात त्या आवाजावरच तर मी भाळले होते. आणि दुसरा कुठला उपाय माझ्याकडे तरी कुठे होता? म्हटलं, गा बाबा.

व्हिडिओ काढायचा कुठे, हा प्रश्नच नव्हता. घरात होतंच काय? इकडे बरीचशी भाड्याची घरं उघडी-बोडकी मिळतात, म्हणजे जमिनीवर लाकडी फळ्यासुद्धा भाडेकरूने स्वतः आणून बसवायच्या, आणि जाताना काढून न्यायच्या. आम्ही त्या फळ्या जुन्या सामानाच्या वेबसाइटवर विकायला काढल्या होत्या. एक विद्यार्थी जोडपं व्हॅन घेऊन आलं आणि दुपारभर बसून सगळी जमीन उचकटून घेऊन गेलं. खाली राहिलं नुसतं सिमेंट, त्यावर गोंदाचे डाग. सोफा त्याच्या आधीच गेला होता, जेवणाचं टेबल गेलं होतं, पडदे गेले होते. छताला दिव्याच्या जागी एक बल्ब लोंबत होता, कारण दिवाही विकला. एक गादी, दोन खुर्च्या आणि सामान भरायची खोकी.

आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची. डच शाळेत जायची, मराठी सगळं समजायचं पण उत्तर डचमधून. तिला आम्ही सांगितलं होतं की आपण कदाचित पुण्याला जाणार. तिने काही विचारलं नाही. एका मोठ्या खोक्याला तिने आपलं टेबल केलं आणि त्याच्या पुढच्या बाजूला काळ्या मार्करने एक खिडकी काढली. खिडकीला पडदे, आणि खिडकीत बसलेलं एक मांजर. मांजराला एकच कान होता, कारण तिथवर येता येता मार्कर संपला. नवा आणून दे म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, बघू. त्या दिवसांत माझं प्रत्येक गोष्टीला तेच उत्तर असायचं.

रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओ काढला. बाहेर पाऊस, आत त्या बल्बचा पिवळा उजेड. नवरा खोक्याशेजारी सिमेंटवर मांडी घालून बसला आणि गायला लागला. मी फोन धरून उभी होते. वेगळा काही 'गरीब लूक' केला नाही. रोजचाच टी-शर्ट होता. बायको विचारते की पुढे काय, ती ओळ मी म्हणायची होती. मी म्हटली. मला काही गाता-बिता येत नाही, मी नुसती विचारली, रोज विचारायचे तशी. मुलगी खोक्यावर कोपर टेकून आमच्याकडे बघत बसली होती. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज चिरकला. मी म्हटलं, परत घेऊया का? तो म्हणाला, "नको. पाठवून दे."

गणपतीच्या दिवसांत ऑनलाइन सगळे जमले. पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येकाच्या मागे आरास. मग एकेकाचे व्हिडिओ लागले. अगं बाई, काय ते एकेक! एका कुटुंबाने मुलांच्या नव्याकोऱ्या टी-शर्टला कात्रीने भोकं पाडली होती आणि गालांना काजळ फासलं होतं, पायात मात्र ब्रँडेड बूट. एकांनी छत गळतंय दाखवायला बागेच्या नळाची झारी आणली होती. खाली पातेलं, पातेल्याखाली मऊ टॉवेल, का तर लाकडी जमीन खराब होऊ नये. एक काकू पैठणी नेसून 'आय ॲम सो हंग्री' असा चेहरा करून बसल्या होत्या, साधी साडी सापडली नाही म्हणाल्या. अध्यक्षीणबाईंच्या घरच्यांनी तर चार सुरांत, ड्रोनने बाग दाखवत गायलं. गाण्यातल्या माणसाने हे बघितलं असतं तर घरमालकाला सोडून यांच्या नावाने बोटं मोडली असती.

आमचा व्हिडिओ शेवटून दुसरा होता. लागला तसे सगळे गप्प झाले. मला वाटलं, कळलं बहुतेक. खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आता तरी कुणी फोन करेल, विचारेल, कुठे जागा आहे का ते बघेल. एवढे सगळे बसलेत, कुणाच्या तरी ओळखीने काहीतरी होईलच की.

व्हिडिओ संपला आणि परीक्षक, ते झुइडासवाले सर, म्हणाले, "वा! पहिला नंबर. प्रश्नच नाही. सेट काय झकास लावलाय!"

मग सगळेच सुटले. ती सिमेंटची जमीन, ती खरी वाटते हो! कुठला कपडा अंथरलाय? लाइटिंग कुणाचं? नागडा बल्ब काय जबरदस्त आयडिया. सोफा कुठे लपवलात? आणि ते खिडकीचं खोकं, काय सिम्बॉलिक! अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही ती ओळ गायलीच नाहीत, नुसती बोललात. अंगावर काटा आला. कुठे नाटकात काम केलंय का?"

तिथे माझा संयम संपला. मी म्हटलं, आणि अगदी स्वच्छ, सावकाश म्हटलं, "तो सेट नाहीये. ते आमचं घर आहे. यांची नोकरी गेलीय. जमीन आम्ही विकली. तीन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर आम्हाला परत जावं लागणार आहे."

मग सर मोठ्याने हसले. "वहिनी अजून भूमिकेतच आहेत!"

झालं. चौकोनाचौकोनांतून टाळ्या, हसणं, पडद्यावर उडणारे बदाम. कुणीतरी 'वन्स मोअर' म्हणालं. मी शेजारी नवऱ्याकडे बघितलं. आता तरी तो बोलेल. एकच वाक्य पुरे होतं, 'ती खरं बोलतेय' एवढंच. तो कॅमेऱ्याकडे बघत होता, सरांच्या चौकोनाकडे.

आणि तोही हसला. हात जोडून म्हणाला, "थँक यू सर. सगळं क्रेडिट हिचं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. रडले-बिडले नाही, इतका संताप आला होता की रडायला जागाच नव्हती. तो मागोमाग आला. म्हणाला, "अगं, सर म्हणालेत नंतर बोलू. त्या सगळ्यांसमोर कसं सांगायचं?" मी म्हटलं, "मी सांगितलंच होतं. तू फक्त हो म्हणायचं होतंस." त्याने फोन चार्जिंगला लावला. मग म्हणाला, "फोन येऊ दे. तेवढा फोन येऊ दे."

फोन आला, बरं का. चार-पाच दिवसांनी, खरोखर आला. नवऱ्याने घाईघाईने शर्ट बदलला. फोनच होता, व्हिडिओ नव्हे, तरी बदलला. मी दारात उभी राहून ऐकत होते. सर फार गोड बोलले. त्यांच्या ऑफिसची दिवाळी यंदा ऑनलाइन होती, आणि मागचा देखावा कुणीतरी कल्पक माणसाने करून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. "तुम्ही दोघं इतके क्रिएटिव्ह! वाडा वगैरे काहीतरी करता येईल का?" नवऱ्याने सीव्हीचं विचारलं. "अरे हो, तो एचआरला पाठव ना," सर म्हणाले. "आमच्याकडे तसं सगळं प्रोसेसनेच होतं."

नवऱ्याने फोन खिशात ठेवला आणि बदललेला शर्ट काढून त्याची परत घडी घातली. काय बोलणार कप्पाळ? तेवढीच एक आशा होती आणि तिला दिवाळीचा देखावा हवा होता.

पुढचं पटापट झालं. बाकी कुठूनही काही आलं नाही. गेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन नावं काढली, मुलीच्या सायकलीचं काय करायचं यावर एक रडणं झालं, आणि मुदत संपायच्या आत, सरकारने अडकलेल्यांसाठी सोडलेल्या खास विमानाने आम्ही परत आलो. ती खोकी तिथेच राहिली. कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावी लागली. मुलीने मांजर फाडून घ्यायचा हट्ट केला, पण चित्र खोक्याच्या कोपऱ्यावरून वळलेलं होतं, नीट निघेना. मग तिनेच म्हटलं, राहू दे. ग्रुपवर निरोप घेतला तेव्हा 'होमकमिंग! सो ब्रेव्ह टू गो बॅक टु रूट्स!' असे संदेश आले. अजूनही त्यांना वाटत होतं की आम्ही हौसेने चाललोय.

पुण्यात नणंदेचा एक रिकामा फ्लॅट होता, तिथे राहिलो. नवऱ्याला सहा-सात महिन्यांत काम मिळालं, घरूनच. मुलीला इथल्या शाळेत सगळं ऑनलाइनच होतं, पण खालच्या मुलांमध्ये खेळता खेळता ती मराठी बोलायला लागली. डच हळूहळू सुटत गेलं. मी तिला मुद्दाम काही विचारायची नाही. जे गेलं ते उकरून काढण्यात काय हशील?

ग्रुप मात्र मी सोडला नव्हता. आळस म्हणा, किंवा खपली काढायची खोड म्हणा. पुढच्या गणपतीत त्यावर एक लिंक आली. 'गेल्या वर्षीच्या विजेत्यांना मानवंदना!' बघू नये हे कळत होतं. तरी बघितलं. मुलगी माझ्या खांद्यावरून डोकावत होती.

अध्यक्षीणबाईंचं कुटुंब होतं. तेच गाणं. पण यंदा बाग नाही, ड्रोन नाही. त्यांनी गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये चित्रण केलं होतं, कारण तिथली जमीन सिमेंटची. वर एक नागडा बल्ब. दोन खुर्च्या, आमच्या होत्या तशाच तिरक्या ठेवलेल्या. त्यांचे यजमान मांडी घालून बसले होते, रोजच्या टी-शर्टात. बाईंनी ती ओळ गायली नाही, बोलल्या, अगदी माझ्यासारख्याच फोनमागून. शेवटच्या कडव्यात यजमानांनी आवाज चिरकवून दाखवला. बरोबर त्याच जागी. त्यांची मुलगी खोक्यावर कोपर टेकून बसली होती.

आणि त्या खोक्यावर खिडकी होती. पडदे तसेच. आत मांजर. खालच्या टाळ्यांत कुणीतरी लिहिलं होतं, 'ओरिजिनलपेक्षा भारी.'

माझ्या तोंडून एक घाणेरडी शिवी निघाली, जी मुलीसमोर मी कधी देत नाही. तिचं लक्षच नव्हतं. तिने पुढे होऊन बोटाने व्हिडिओ थांबवला आणि चित्र मोठं केलं. बराच वेळ बघत राहिली.

"आई, मांजराला एकच कान आहे."

"हो."

"माझा मार्कर संपला होता," ती म्हणाली. "त्यांचा तर संपला नव्हता ना?"

नवरा मागे येऊन उभा राहिला होता. त्याने ते सगळं बघितलं होतं. सांग आता, मी मनात म्हटलं, आता तरी सांग काहीतरी. तो हसला नाही आणि बोललाही नाही. मुलगी मात्र बोलली, आणि कित्येक महिन्यांनी डचमधून बोलली, हळू, आपल्याशीच.

"मार दात वास ऑन्स हाउस."

पण ते तर आमचं घर होतं.